बदललेली किडनी आणि कातडीवरची गाठ



किडनी बदललेली माणसे आता आपल्या वस्तीतही दिसतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ट्रान्सप्लांट म्हणजे बंगल्यात राहणाऱ्यांची गोष्ट असे आपण समजत होतो. आता कुणाला आईने किडनी दिली, कुणाला बायकोने, कुणाचा मेंदूमृत दात्याच्या यादीत नंबर लागला. सरकारी योजनेतून, देणग्या गोळा करून ऑपरेशन झाले आणि डायलिसिसच्या खुर्चीला खिळलेला माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला. (आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त असतात. त्यावर वेगळे लिहायलाच हवे, पण आज नाही.)

पहिले वर्ष घरातले सगळे जपतात. तोंडाला मास्क, उकळलेले पाणी, गोळ्यांचा डबा, ओपीडीची तारीख. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मास्क जातो. पाचव्या वर्षी ओपीडीला जायचे म्हणजे एक खाडा पडतो, रोज बुडतो, म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. आणि आम्ही आज ज्या आजाराबद्दल लिहीत आहोत तो बऱ्याच वेळा याच काळात डोके वर काढतो. त्याचे नाव मोठे आहे, म्हणून डॉक्टर चार इंग्रजी अक्षरांत सांगतात: पीटीएलडी. ट्रान्सप्लांटनंतर शरीरातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात, तो हा आजार. तो साधारणपणे गळ्यातल्या, पोटातल्या गाठींत, आतड्यात, कधी खुद्द बसवलेल्या अवयवात दिसतो. कधी कधी मात्र तो फक्त कातडीवर दिसतो, आणि तिथेच फसगत होते. कातडीवर काही उठले की आपण डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलमध्ये जातो.

आजार दुर्मीळ आहे हे सुरुवातीलाच सांगतो. किडनी बदललेल्या शंभर जणांत पीटीएलडी होणारे एक ते तीन असतात. फुप्फुस किंवा आतडे बदललेल्यांत हे प्रमाण बरेच जास्त आहे. त्यातही फक्त कातडीवर होणारे अगदी थोडे. युरोपातल्या बऱ्याच रुग्णालयांनी आपापल्या नोंदी एकत्र करून 2013 मध्ये अहवाल छापला, तेव्हा सगळे मिळून 35 रुग्ण भरले. मग एवढ्या दुर्मीळ आजारासाठी पान का खर्च करायचे? कारण तो ओळखण्यासाठी जी सवय लागते, तीच सवय ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला कातडीच्या टीबीपासून, इतर कॅन्सरपासून आणि मेडिकलवाल्याच्या ट्यूबपासूनही वाचवते.

आता हे होते कसे ते पाहू. लिम्फोसाइट पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या. बी पेशी जंतूंविरुद्ध लागणारी प्रतिद्रव्ये बनवतात. टी पेशी पहारा देतात. परके काही दिसले, किंवा आपलीच एखादी पेशी बिघडली, की तिला संपवतात. दुसऱ्याची किडनी टी पेशींच्या दृष्टीने परकीच. ती आईची असली तरी परकी. म्हणून टी पेशींना गप्प ठेवणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात: टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरीन, मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन, आणि बहुतेक वेळा थोडे प्रेडनिसोलोन. या गोळ्यांमुळेच किडनी टिकते. पण पहारेकरी गप्प बसवला की घरातला जुना पाहुणा हातपाय पसरतो.

तो पाहुणा म्हणजे एप्स्टाइन-बार नावाचा विषाणू, ईबीव्ही. अँथनी एप्स्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग या तिघांनी 1964 मध्ये आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या गाठीतून वाढवलेल्या पेशींत तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो लाळेतून पसरतो. जगातल्या दहातल्या नऊ मोठ्या माणसांना तो कधी ना कधी झालेला असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, एकच पेला, आजीने चावून भरवलेला घास, अशा आपल्या घरांत तो लहानपणीच होऊन जातो. साधा ताप-सर्दीचा वाटतो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. नंतर तो बी पेशींत जन्मभर झोपून राहतो आणि टी पेशी त्याच्यावर नजर ठेवतात. नजर हटली की ईबीव्ही असलेल्या बी पेशी वाढू लागतात. सर्वांत जास्त धोका असतो तो ज्याला हा विषाणू कधीच झालेला नाही आणि ज्याला विषाणू असलेल्या दात्याचा अवयव बसतो, त्याला. असे रुग्ण बहुधा लहान मुले असतात. आपल्या वस्तीत कुणा लहान मुलाचे ट्रान्सप्लांट ठरले असेल, तर मुलाची आणि दात्याची ईबीव्हीची तपासणी झाली का, एवढे आईवडिलांनी जरूर विचारावे.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. ही गाठ कुणाला शिवून लागत नाही. ताट-पेला वेगळा ठेवायची गरज नाही, अंथरूण वेगळे टाकायची गरज नाही. विषाणू तर तुमच्या-आमच्यात आधीच आहे. शिवाशिव म्हणजे काय ते आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको; ती आपल्याच घरात आजारी माणसाच्या वाट्याला येऊ देऊ नये. अंगावर चट्टे आले म्हणून सुनेने सासऱ्याची भांडी बाजूला काढलेली आम्ही पाहिली आहेत. सुनेचाही दोष नव्हता, तिला कुणी समजावून सांगितलेच नव्हते.

कातडीवरचा पीटीएलडी सगळा ईबीव्हीचाच असतो असे मात्र नाही. त्या 35 रुग्णांपैकी 24 जणांत गाठ टी पेशींची निघाली आणि 11 जणांत बी पेशींची. बी पेशींच्या 11 पैकी 10 जणांत ईबीव्ही सापडला. निम्म्याहून अधिक रुग्ण किडनी बदललेले होते. आणि वाचकांनी लक्षात ठेवावा असा आकडा हा की ट्रान्सप्लांट आणि या आजाराचे निदान यांत मधल्या रुग्णाचे अंतर 85 महिने होते, म्हणजे सात वर्षे. "आता सात वर्षं झाली, आता काय होतंय?" असे म्हणायची जी वेळ, तीच.

दिसते कसे? याचे एकच एक रूप नाही. कधी एकच गाठ असते, वाटाण्यापासून लिंबाएवढी, टणक, न दुखणारी, थोडी जांभळट. काही आठवड्यांत वाढते आणि मधोमध फुटून व्रण पडतो. लोक तिला गळू, बेंड समजून पोटीस बांधतात. पण गळू ठणकते, पिकते, पू निघतो आणि बसते. ही गाठ ठणकत नाही आणि बसतही नाही. कधी बारीक पुळ्या झुपक्याने येतात, आपोआप जातात, परत येतात, आणि जातात म्हणूनच कुणी दाखवत नाही. आणि कधी नुसते चट्टे असतात, मांडीवर, कमरेवर, ढुंगणावर, छातीच्या बाजूला. म्हणजे जिथे कपडा असतो आणि ऊन लागत नाही तिथे. खवले निघतात, थोडी खाज असते. हुबेहूब गजकर्ण.

या चट्ट्यांच्या आजाराचे जुने नावसुद्धा फसवे आहे: मायकोसिस फंगॉइडिस. आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1806 मध्ये त्याचे वर्णन केले. गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून हे नाव पडले. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. तो टी पेशींचा, सावकाश वाढणारा कातडीचा लिम्फोमा आहे. ट्रान्सप्लांट न झालेल्या माणसालाही तो होऊ शकतो. केस पेपरवर हे नाव वाचून कुणी "फंगस आहे, मलम लावा" म्हणाले तर तिथेच थांबवा.

आणखी एक अडचण पुस्तकांची आहे. परदेशी पुस्तकांत त्वचेच्या आजाराचे फोटो गोऱ्या कातडीचे असतात आणि खाली लिहिलेले असते, "लालसर चट्टा". आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर तो लाल दिसतच नाही. तो काळपट, तपकिरी, जांभळट दिसतो. उलट मायकोसिस फंगॉइडिस आपल्यासारख्या कातडीवर कधी फिकट, पांढुरक्या डागांच्या रूपाने येतो. मग कुणी म्हणते कोड, कुणी म्हणते कुष्ठरोग, कुणी देवीचा कोप काढून गंडा बांधते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. गंड्या-दोऱ्याचे काही बोलायला नको. पण मलमाच्या ट्यूबवरही आपला तसाच आंधळा विश्वास आहे, हे सांगायला हवे.

आमच्या ओळखीचे एक वायरमन आहेत. आईची किडनी बसवून सहा वर्षे झाली होती. मांडीवर चट्टा आला. मेडिकलमधून ट्यूब आणली. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि कडक स्टेरॉइड अशी तिन्ही एकत्र असतात. स्टेरॉइडने खाज थांबली, चट्टा फिका पडला, ट्यूब संपली की पुन्हा उठला. असे सात-आठ महिने चालले. मग दुकानदाराने "आतून मारायला" म्हणून गजकर्णाच्या कॅप्सूल दिल्या. आठ दिवसांत त्यांचे हात थरथरू लागले, लघवी कमी झाली. रक्त तपासले तर टॅक्रोलिमसची पातळी कितीतरी वर गेलेली आणि क्रिएटिनिन वाढलेले. बुरशीच्या गोळ्या म्हणजे इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल, या टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरीनला शरीरात साठवून ठेवतात, आणि ती जास्त झाली की किडनीलाच मारतात. किडनी थोडक्यात वाचली. त्या निमित्ताने त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवले, तुकडा काढला आणि टी पेशींचा लिम्फोमा निघाला. सात-आठ महिन्यांच्या ट्यूबने फक्त त्याचे रूप झाकून ठेवले होते.

याच्या उलट टोकाची गोष्ट टीबीच्या औषधाची. गळ्यात, काखेत, जांघेत गाठ दिसली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो चूक नाही. ट्रान्सप्लांट झालेल्यांना टीबी होतोच. पण गाठीची सुई किंवा तुकडा तपासल्याशिवाय कुणी टीबीचा कोर्स सुरू करत असेल तर किडनीच्या डॉक्टरांना आधी कळवा. त्या कोर्समधली रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी इतकी खाली आणते की शरीर किडनी नाकारू शकते. टीबी असेल तर औषध घ्यावेच लागेल, पण डोस बदलून, रक्त तपासत. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेणे हेही बंद. ती सरळ किडनीवर जातात. थोडक्यात, ट्रान्सप्लांटच्या माणसाने मेडिकलच्या काउंटरवरून स्वतःच्या मनाने काहीही घ्यायचे नाही. आणि दवाखान्यात कोणत्याही डॉक्टरसमोर बसले की पहिले वाक्य: "माझी किडनी बदललेली आहे, मी या गोळ्या घेतो."

तुकडा काढायचे नाव काढले की घरात रडारड होते. "चाकू लावला की कॅन्सर पसरतो" हे वाक्य आम्ही वॉर्डात आणि वस्तीत इतक्या वेळा ऐकले आहे की मोजणे सोडून दिले. ते खोटे आहे. कातडीचा तुकडा काढायला जागा बधिर करतात, चार मिलिमीटरच्या गोल पात्याने डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखादा टाका घालतात. माणूस त्याच दिवशी घरी येतो. मात्र त्या तुकड्यावर साधी तपासणी पुरत नाही. पेशी बी की टी, हे ओळखायला खास रंगांच्या तपासण्या लागतात, त्यांना आयएचसी म्हणतात. ईबीव्ही शोधायला ईबर नावाची वेगळी तपासणी असते. म्हणून रिपोर्टला आठ-पंधरा दिवस लागू शकतात, आणि पहिल्याच कागदावर "निश्चित सांगता येत नाही" असे आले तर दुसरा तुकडा द्यावा लागतो. नंतर स्कॅन करतात, आजार कातडीपुरताच आहे की आतही आहे हे पाहायला. कातडीवरची गाठ कधी आतल्या आजाराची नुसती खूणही असते.

आता सर्वांत नाजूक भाग. गोळ्यांमुळे गाठ झाली हे ऐकले की रुग्णाच्या मनात एकच येते: गोळ्या बंद. असे स्वतःहून कुणी करू नये. काही दिवसांत, काही आठवड्यांत किडनी नाकारली जाऊ शकते, आणि आईने दिलेली किडनी एकदा गेली की आई दुसरी कुठून देणार? पण गोळ्या कमी करणे हाच उपचाराचा पहिला टप्पा आहे हेही तितकेच खरे. थॉमस स्टार्झल या अमेरिकन सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत दाखवून दिले की ट्रान्सप्लांटनंतरच्या अशा गाठी औषधे कमी किंवा बंद केल्यावर विरघळू शकतात. तेव्हापासून डॉक्टर तसे करतात: एखादी गोळी थांबवतात, एखादीचा डोस उतरवतात, काही वेळा सिरोलिमस किंवा एव्हरोलिमसवर आणतात, आणि दर काही दिवसांनी क्रिएटिनिन व गोळीची पातळी पाहतात. पातळीचे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते; गोळी घेऊन गेलात तर आकडा चुकीचा येतो, फेरी वाया जाते. किती कमी करायचे हे किडनीचे डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचे असते. किडनी गेली तर निदान डायलिसिस तरी आहे; हृदय किंवा लिव्हर बदललेल्याला तसा आधार नाही, म्हणून तिथे हात अधिक जपून चालतो.

तेवढ्याने भागले नाही तर पुढचे उपचार आजाराच्या जातीवर. एकच गाठ असेल तर कापून काढणे किंवा तेवढ्या जागेवर किरणोपचार. बी पेशींची असेल तर रिटुक्सिमॅबचे सलाइन. चट्टे असतील तर डॉक्टरांनी नेमून दिलेले मलम, कधी प्रकाशाचा उपचार, तोही जपून, कारण अशा रुग्णाला अतिनील किरणांनी दुसरा त्वचेचा कॅन्सर होण्याचा धोका असतो. पसरलेला असेल तर केमो. निकाल कसा लागतो? त्या 35 पैकी 16 जण पाठपुराव्याच्या काळात दगावले. चट्ट्यांचा प्रकार असलेले जास्त जगले, झपाट्याने वाढणाऱ्या गाठींच्या एका प्रकारातले कमी. हा आकडा घाबरवायला दिलेला नाही. "कातडीचंच आहे ना, बघू पुढच्या महिन्यात" असे म्हणणाऱ्यांसाठी दिला आहे.

तोंडाबद्दल थोडे. ईबीव्हीमुळे तोंडात, हिरड्यांवर, कातडीवर, आतड्यात एक वेगळा व्रण होतो. डॉक्टरांनी त्याला 2010 मध्ये स्वतंत्र ओळख दिली. तो दिसायला कॅन्सरसारखाच दिसतो, पण बऱ्याच वेळा औषधे कमी केल्यावर आपोआप भरून येतो. आपल्याकडे मिसरी, तंबाखू, गुटख्याची सवय असल्याने तोंडातला व्रण पाहिला की सगळे एकच अर्थ काढतात. तंबाखूचा कॅन्सरही असू शकतो, हाही असू शकतो. दोन आठवड्यांत व्रण भरला नाही तर तुकडा तपासलाच पाहिजे, आणि तुकडा पाठवताना कागदावर "किडनी ट्रान्सप्लांट" हे शब्द लिहिले आहेत ना ते नातेवाइकाने पाहावे. ते नसतील तर पॅथॉलॉजीचे डॉक्टर ईबीव्ही शोधणारच नाहीत.

पैशाचे काय? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांटही येते आणि कॅन्सरचे उपचारही येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, आधी तिथे जावे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड मूळ प्रतीत सोबत ठेवावे. सरकारी व पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक बसतात, ट्रस्टच्या मदतीचे अर्ज त्यांच्याकडून होतात. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. ती मेहेरबानी नाही, कायदा आहे. "खाट नाही" म्हणाले तर ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर खाट निघते असा आमचा बऱ्याच वेळचा अनुभव आहे.

घरी करायचे काम बिनखर्चाचे आहे. आपण पौर्णिमेला विहारात वंदनेला जातो. त्याच दिवशी सकाळी आंघोळीच्या वेळी ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाने आपले अंग डोक्यापासून तळपायापर्यंत पाहावे. पाठ, मानेची मागची बाजू, ढुंगण हे घरच्यांनी पाहावे. लाजायचे कारण नाही. गळ्यात, काखेत, जांघेत बोटांनी चाचपावे. नवे काही दिसले तर शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून मोबाइलवर फोटो काढावा, म्हणजे पुढच्या पौर्णिमेला वाढले की नाही ते कळते. पण गाठ वाढत असेल, फुटली असेल, किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे असेल तर पौर्णिमेची वाट पाहायची नाही, त्याच आठवड्यात ट्रान्सप्लांटच्या ओपीडीत जायचे. विहारात महिला मंडळाची बैठक असते तिथे, ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांची नावे एका वहीत ठेवता आली तर फार चांगले. ओपीडीच्या दिवशी कामावर खाडा पडतो तेव्हा सोबत जायला कुणीतरी हवे असते.

शेवटी तुकड्याच्या रिपोर्टबद्दल. लोक फक्त कागद घेऊन येतात. तुकडा तपासल्यावर काचेच्या पट्ट्या आणि मेणाचा एक छोटा ठोकळा लॅबमध्ये राहतो, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या रुग्णालयात, समजा परळच्या टाटा रुग्णालयात, पुन्हा मत घ्यायचे असेल तर हा ब्लॉक आणि पट्ट्या लागतात; नुसत्या कागदावर तिथले डॉक्टर निर्णय घेत नाहीत. अर्ज दिला की लॅब ते देते, सही घेते. घरी नेताना ब्लॉक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नये, मेण वितळते. काम झाले की तो परत मागून घ्यावा आणि केस पेपरच्या पिशवीतच जपून ठेवावा.